बुधन थिएटर

बुधन थिएटर : अहमदाबाद शहरातील छारानगर या वस्तीत तेथील तरुण मुलामुलींनी स्थापन केलेले नाट्यमंडळ (स्थापना १९९८). छारा या विमुक्त जमातीतील युवकांचे हे मंडळ असून स्वतःच्या व अन्य विमुक्त-भटक्या जमातींच्या जीवनातील घटनांवर नाटके रचणे आणि ती रस्त्यावर, चौकात, शिक्षणसंस्थांत व नाट्यगृहांत सादर करणे, हे त्याचे मुख्य कार्य होय. पोलिसांच्या मारहाणीनंतर कोठडीत मरण पावलेल्या बुधन सबर या पश्चिम बंगालमधील आदिवासी तरुणाच्या नावावरून मंडळास हे नाव मिळाले. ज्या समाजाला कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरविले होते, त्याच समाजातील मुलांनी आपल्या नागरिकत्वाचा प्रश्न नाटकाच्या द्वारे समाजापुढे व शासनापुढे मांडला, हे या मंडळाचे वैशिष्ट्य. भारतातील सामुदायिक रंगभूमीच्या इतिहासात त्याला जे स्थान प्राप्त झाले, ते मुख्यतः याच कारणाने.

पार्श्वभूमी : ब्रिटिश शासनाने १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला. या कायद्यान्वये एखाद्या जमातीस ‘गुन्हेगार’ म्हणून घोषित करण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांस मिळाला. प्रारंभी उत्तर भारतापुरता असलेला हा कायदा पुढे इतर प्रांतांनाही लागू झाला. १९११ व १९२४ मध्ये त्यात फेरबदल झाले. घोषित जमातीतील व्यक्तींची नोंद करणे, त्यांना ठराविक वेळी पोलीस ठाण्यावर हजेरी लावावयास सांगणे, परवान्यावाचून गाव सोडण्यास मनाई करणे आणि प्रसंगी संपूर्ण कुटुंबे कुंपण घातलेल्या वसाहतींत नेऊन ठेवणे, ही या कायद्याच्या अंमलबजावणीची प्रमुख अंगे होती. गुन्हा व्यक्तीने केला की नाही याचा विचार दुय्यम ठरून जन्म हाच पुरावा मानला जाई. मुंबई प्रांतात सोलापूर, हुबळी इ. ठिकाणी अशा वसाहती होत्या. महाराष्ट्रातील विमुक्तांच्या बोलण्यात व लेखनात तारेच्या कुंपणाचा जो वारंवार उल्लेख येतो, तो या वसाहतींना उद्देशून असतो.

अहमदाबादच्या ईशान्य भागातील कुबेरनगरलगतची छारानगर ही वस्ती अशाच एका वसाहतीपासून वाढली. छारा ही उत्तर भारतातील सांसी व महाराष्ट्रातील कंजारभाट यांच्याशी नाते सांगणारी जमात असून भांतू ही तिची बोली होय. महाराष्ट्रातील विमुक्त जातींच्या यादीत कंजारभाट या नोंदीखाली छारा हे नाव येते. छारानगरातील अनेक आडनावे ‘कर’ या प्रत्ययाने संपणारी आहेत. मराठी मुलखाशी असलेल्या जुन्या संबंधाची ती खूण मानता येईल. गाणे-बजावणे व कसरती करीत हिंडणे, हा या जमातीच्या भटक्या जीवनाचा एक भाग होता. हिंडणे थांबले, तशी उपजीविकेची जुनी साधने गेली आणि नवी सहजासहजी मिळाली नाहीत. परिणामी किरकोळ चोऱ्या आणि गुजरातमध्ये दारूबंदी असताना हातभट्टीची दारू गाळणे, हे वस्तीतील अनेक कुटुंबांचे पोटापाण्याचे उद्योग होऊन बसले. त्यांच्यामुळे जमातीवरील जुना शिक्का अधिकच गडद झाला.

स्वातंत्र्योत्तर काळात अनंतशयनम् अय्यंगार यांच्या अध्यक्षतेखालील समितीने (१९४९) हा कायदा रद्द करण्याची शिफारस केली व ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती कायद्याच्या जाचातून मुक्त झाल्या. ‘विमुक्त’ ही संज्ञा त्यातूनच रूढ झाली. तथापि निरनिराळ्या राज्यांनी सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे केले आणि पोलीस यंत्रणेच्या संशयाचा रोख पुष्कळ अंशी पूर्वीच्याच जमातींवर राहिला. गावात चोरी झाली की प्रथम पारध्याच्या पालावर किंवा छारांच्या वस्तीवर जावयाचे, ही रीत कायदा गेल्यानंतरही टिकून राहिली. शिकलेल्या छारा तरुणास नोकरी नाकारली जाणे आणि शाळेत मुलास वस्तीच्या नावाने हिणविले जाणे, हे अनुभव या वस्तीत सामान्य होते. बुधन थिएटरच्या नाटकांचा कच्चा माल हाच होय.

स्थापना : ज्येष्ठ बंगाली लेखिका महाश्वेता देवी (१९२६–२०१६) यांनी पुरुलिया जिल्ह्यातील खेडिया सबर या विमुक्त जमातीत दीर्घकाळ काम केले. १९९८ च्या प्रारंभी बडोदे येथे त्यांनी विमुक्त जमातींच्या प्रश्नावर व्याख्यान दिले. त्यानंतर महाश्वेता देवी, भाषा संशोधन केंद्राचे संस्थापक व मूळचे पुणे जिल्ह्यातील भोरचे असलेले भाषातज्ञ गणेश देवी (१९५०–  ) आणि उचल्या (१९८७) या आत्मकथनाचे लेखक लक्ष्मण गायकवाड यांच्या पुढाकाराने विमुक्त व भटक्या जमातींच्या हक्कांसाठी एक कृतिगट स्थापन झाला. याच सुमारास महाश्वेता देवी व गणेश देवी छारानगरात आले. वस्तीतील तरुणांशी झालेल्या भेटीगाठींतून तेथे एक लहानसे ग्रंथालय सुरू झाले. पुस्तके वाचण्यासाठी जमणारी मुले तेथेच नाटकाच्या तालमी करू लागली. पुढेही ग्रंथालय व नाट्यमंडळ यांचे हे नाते कायम राहिले. वाचन, चर्चा आणि तालीम या तिन्ही गोष्टी एकाच छपराखाली होत असल्याने मंडळाचे स्वरूप केवळ करमणुकीच्या संस्थेचे न राहता काहीसे शाळेसारखे झाले. दक्षिण बजरंगे (छारा) हे मंडळाच्या संस्थापकांपैकी एक असून त्याचे प्रमुख लेखक व दिग्दर्शक होत.

पहिले नाटक : पुरुलिया जिल्ह्यातील बुधन सबर या तरुणास पोलिसांनी फेब्रुवारी १९९८ मध्ये चोरीच्या संशयावरून पकडले. त्यास जबर मारहाण झाली व काही दिवसांतच कोठडीत त्याचा मृत्यू झाला. त्याने गळफास लावून आत्महत्या केली, असे पोलिसांचे म्हणणे होते. महाश्वेता देवींशी संबंधित असलेल्या पश्चिम बंग खेडिया सबर कल्याण समितीने हे प्रकरण कलकत्ता उच्च न्यायालयात नेले. न्यायमूर्ती रुमा पाल यांनी जुलै १९९८ मध्ये दिलेल्या निर्णयात आत्महत्येची हकीकत स्वीकारली नाही. केंद्रीय अन्वेषण विभागाकडून चौकशी व्हावी आणि बुधनची पत्नी श्यामली हिला भरपाई मिळावी, असे आदेश न्यायालयाने दिले.

या निर्णयाची हकीकत छारानगरातील मुलांच्या हाती आली. छारा व सबर यांच्या वस्त्यांत शेकडो कोसांचे अंतर असून भाषा, आहार व चालीरीती यांतही साम्य नाही. तरीही संशयावरून पकडणे, कोठडीतील मारहाण आणि खोटी नोंद हा क्रम या मुलांच्या परिचयाचा होता. त्यांच्यापैकी अनेकांच्या घरात तो घडून गेलेला होता. बुधनच्या कथेत त्यांना आपल्या वडिलांची वा काकाची कथा दिसली. न्यायालयीन निर्णयाच्या आधारे त्यांनी बुधन हे नाटक तयार केले व ३१ ऑगस्ट १९९८ रोजी, म्हणजे विमुक्तीच्या वर्धापनदिनी, छारानगरात भरलेल्या विमुक्त जमातींच्या मेळाव्यात त्याचा पहिला प्रयोग केला. पुढे या नाटकाचे प्रयोग देशाच्या निरनिराळ्या भागांत झाले. नाटकाचा विषय एका व्यक्तीचा मृत्यू असला, तरी त्याचा रोख न्यायालयाच्या निकालापाशी थांबत नाही. विमुक्तांना या देशाचे नागरिक म्हणून समान वागणूक मिळणार की नाही, हा प्रश्न अखेरीस प्रेक्षकांपुढे ठेवला जातो.

नाट्यनिर्मितीची पद्धती : बुधन थिएटरच्या नाटकांची जडणघडण सामान्यतः सामूहिक आहे. एखादी घटना, तीसंबंधीची कागदपत्रे, वृत्तपत्रांतील बातम्या व संबंधितांच्या तोंडून ऐकलेल्या हकिकती ही नाटकाची प्राथमिक सामग्री होय. तीवर चर्चा होते. नंतर नट प्रसंग उत्स्फूर्तपणे उभे करून पाहतात. त्यांतून टिकाऊ ठरलेले प्रसंग व संवाद पक्के करून लेखक त्यांस नाटकाचे रूप देतो. तयार संहिता हाती घेऊन भूमिका वाटण्याच्या प्रचलित पद्धतीहून ही रीत भिन्न आहे. तीत नट हा साक्षीदारही असतो. वस्तीत वाढलेल्या मुलास पोलिसाची भूमिका करताना बाहेरून निरीक्षण करावे लागत नाही. त्याची चाल, त्याचा दरारा व त्याची बोली या गोष्टी त्याला लहानपणापासून ठाऊक असतात. मार खाणारा व मारणारा अशा दोन्ही भूमिका आलटून पालटून करताना आपल्यावर झालेल्या अन्यायाकडे दुरून पाहण्याची सवय नटांस लागते. नुसता संताप व्यक्त करण्याऐवजी कारणे शोधण्याकडे नाटक वळते, ते यामुळेच.

नेपथ्य व रंगभूषा यांवर या मंडळाचा भर नाही. मोकळी जागा, साधे वेष, हातांत असेल ती वस्तू आणि नटांची शरीरे एवढ्यावर प्रयोग उभा राहतो. नटांचा समूह कधी गर्दी होतो, कधी कोठडीची भिंत, तर कधी न्यायालय. समूहाने केलेला घोष, टाळ्या, पावलांचा ठेका आणि एकाएकी येणारी शांतता यांचा उपयोग दृश्ये जोडण्यासाठी केला जातो. नाटकांची भाषा प्रामुख्याने हिंदी असून भांतू व गुजराती यांचाही वापर आढळतो. हिंदीच्या निवडीमुळे वस्तीबाहेरच्या प्रेक्षकांपर्यंत पोहोचणे शक्य झाले. मात्र घरातील बोली रंगमंचावर आली, की वस्तीतील प्रेक्षकांस नाटक आपले वाटते, याचाही अनुभव मंडळाने घेतला.

छारा तरुण आपल्या अभिनयाची सांगड कधीकधी विनोदाने पूर्वजांच्या चोरीच्या कसबाशी घालतात. पकडले जाऊ नये म्हणून सोंग घ्यावे लागते, ते न वठल्यास मार बसतो. तेव्हा अभिनय आमच्या रक्तातच आहे, असा त्याचा आशय असतो. जन्मजात गुन्हेगारीच्या सिद्धांताला त्याच्याच भाषेत दिलेले हे उत्तर होय. शासनाने ज्या गुणास गुन्ह्याचे लक्षण मानले, त्यासच कलेचे भांडवल म्हणून पुढे करण्यात त्या सिद्धांताचा पोकळपणा उघड होतो.

अन्य नाटके : बारामती परिसरातील पिन्या हरी काळे या पारधी मजुराचा १९९८ मध्येच पोलीस कोठडीत मृत्यू झाला. त्यावर मंडळाने पिन्या हरी काले की मौत हे नाटक रचले. महाराष्ट्रातील घटनेवर गुजरातमधील छारांनी हिंदीत नाटक करावे, यातून विमुक्त जमातींमध्ये निर्माण झालेल्या नव्या बंधुभावाची कल्पना येते. तोपर्यंत प्रत्येक जमात आपापल्या जातपंचायतीच्या कक्षेत वावरत होती. समान दुःखाची जाणीव करून देण्याचे काम काही अंशी अशा नाटकांनी केले. बुलडोझर या नाटकात गरिबांच्या वस्त्या पाडल्या जाण्याचा प्रश्न मांडलेला आहे. मुझे मत मारो... साब! या नाटकाचा विषय त्याच्या शीर्षकातूनच स्पष्ट होतो. बादल सरकार (१९२५–२०११) यांचे भोमा आणि फ्रेंच नाटककार झां झने (१९१०–८६) यांचे द बाल्कनी या नाटकांची रूपांतरेही मंडळाने केली. त्यांपैकी दुसऱ्याचे नाव एक और बाल्कनी असे आहे. रूपांतर करतानाही मूळ नाटकाचा सांगाडा घेऊन त्यात वस्तीचे जीवन भरणे, ही मंडळाची रीत दिसते. बजरंगे यांच्या नाट्यविषयक अनुभवांचे व नाटकांचे बुधन बोलता है हे हिंदी पुस्तक २०१० मध्ये प्रसिद्ध झाले.

परंपरेतील स्थान : भारतात राजकीय व सामाजिक आशयाच्या लोकाभिमुख रंगभूमीची परंपरा इंडियन पीपल्स थिएटर असोसिएशनपासून (१९४३) चालत आलेली आहे. बादल सरकार यांची ‘तिसरी रंगभूमी’ आणि दिल्लीतील जन नाट्य मंच (१९७३) यांनी ती पुढे नेली. जन नाट्य मंचाचे सफदर हाश्मी (१९५४–८९) यांच्यावर साहिबाबाद येथे पथनाट्याचा प्रयोग चालू असताना हल्ला झाला व त्यात त्यांचा मृत्यू ओढवला. बुधन थिएटरने या परंपरेकडून तंत्र घेतले. परंतु एका बाबतीत ते तिच्याहून वेगळे आहे. वरील मंडळांत प्रायः शहरी सुशिक्षित तरुण कामगारांची वा शेतकऱ्यांची बाजू मांडीत. छारानगरात ज्यांचा प्रश्न, तेच नट आणि पुष्कळदा तेच पहिले प्रेक्षक असतात. या दृष्टीने पाहता महाराष्ट्रातील सत्यशोधक जलसे व त्यानंतरचे आंबेडकरी जलसे यांच्याशी त्याचे नाते अधिक जवळचे ठरते. भीमराव कर्डक आदी जलसाकारांनीही स्वतःच्या समाजातील तरुणांना हाताशी धरून, स्वतःच्या अनुभवांवर व स्वतःच्या बोलीत प्रयोग रचले होते. आपल्याविषयी इतरांनी बोलावे याऐवजी आपण स्वतः बोलावे, ही दोहोंमागील प्रेरणा एकच आहे.

सामाजिक परिणाम : बुधन थिएटरचा सर्वांत लक्षणीय परिणाम त्याच्या सभासदांवर झाला. मंडळात लहानपणी दाखल झालेल्या मुलांपैकी काहींनी राष्ट्रीय नाट्य विद्यालयासारख्या संस्थांत प्रवेश मिळविला. काही वृत्तपत्रव्यवसायात, काही वकिलीत, तर काही चित्रपटक्षेत्रात गेले. दक्षिण बजरंगे यांनी अनुबोधपटांखेरीज समीर (२०१७) हा हिंदी कथाचित्रपट दिग्दर्शित केला. आरंभी वस्तीतील वडीलधाऱ्यांस नाटक हा रिकामा उद्योग वाटे. त्यातून घरात पैसा येत नसे व पोलिसांचा रोष मात्र ओढवण्याची भीती असे. मुलींच्या सहभागासही विरोध झाला. हळूहळू ही वृत्ती पालटली. नाटकामुळे मुले शिकतात, बाहेरगावी जातात आणि त्यांना मान मिळतो, हे पाहिल्यावर तेच वडीलधारे प्रयोगांस हजर राहू लागले. पूर्वी वस्तीत केवळ पोलीस व दारूचे गिऱ्हाईक येत. मंडळामुळे लेखक, अभ्यासक व विद्यार्थी तेथे येऊ लागले, ही गोष्टही वस्तीच्या आत्मसन्मानास पोषक ठरली. शाश्वती तालुकदार व पी. केरिम फ्रीडमन यांनी या मंडळावर प्लीज डोन्ट बीट मी, सर! (२०११) हा अनुबोधपट काढला. त्यामुळे परदेशांतील अभ्यासकांचेही लक्ष त्याकडे वेधले गेले.

मर्यादा व मूल्यमापन : नाटकाने प्रेक्षकांची दृष्टी पालटू शकते. पोलीस ठाण्यातील नोंदवही मात्र त्याने आपोआप पालटत नाही, याचा प्रत्यय मंडळास वारंवार आला. २६ जुलै २०१८ च्या रात्री पोलिसांनी छारानगरावर घातलेल्या धाडीत रहिवाशांस मारहाण झाल्याच्या व त्यांच्या वाहनांची मोडतोड झाल्याच्या तक्रारी झाल्या. मार बसलेल्यांत वस्तीतील वकील व पत्रकारही असल्याचे रहिवाशांनी सांगितले. म्हणजे शिक्षण व प्रतिष्ठा मिळविल्यानंतरही पत्त्यावरून ओळखले जाण्याचे संकट टळले नव्हते. पहिल्या नाटकानंतर २० वर्षांनी त्याच वस्तीला त्याच नाटकाचा विषय पुन्हा अनुभवावा लागला. तिने त्याला शांततापूर्ण निषेधाने उत्तर दिले, हे मात्र २० वर्षांतील रंगकार्याचे फलित म्हणता येईल.

कायद्याच्या क्षेत्रातही बदल सावकाश होत गेला. संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी समितीने २००७ मध्ये सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे रद्द करण्याची सूचना भारतास केली. बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय आयोगाने २००८ मध्ये आपला अहवाल सादर केला. त्यानंतर भिकू रामजी इदाते यांच्या अध्यक्षतेखालीही असा आयोग नेमला गेला. हे दोन्ही अध्यक्ष महाराष्ट्रातील होत. कारागृहांतील जातिनिष्ठ भेदभावासंबंधीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी दिलेल्या निर्णयात विमुक्त जमातींना जन्माने गुन्हेगार समजण्याच्या वृत्तीवर कडक टीका केली व त्यांच्यातील व्यक्तींना मनमानीने अटक होऊ नये, असे बजावले. बुधन नाटकाने ज्या प्रश्नाने प्रेक्षकांचा निरोप घेतला होता, त्याच प्रश्नाची दखल सर्वोच्च न्यायपीठाने घेतल्याचे या निर्णयातून दिसते.

कलादृष्ट्या या मंडळाच्या नाटकांवर काही आक्षेप घेता येतात. त्यांतील संदेश पुष्कळदा उघड असतो, खलपात्रे एकरंगी असतात आणि घटनेची तीव्रता ओसरल्यावर नाटकाचे आयुष्यही आटोपते. पथनाट्याच्या प्रकृतीतच हे दोष अंशतः अंतर्भूत आहेत. बुधन हे नाटक मात्र त्यास अपवाद ठरले. ते दीर्घकाळ खेळले गेले, ते केवळ त्याच्या विषयामुळे नव्हे. ते करणाऱ्या मुलांच्या पिढ्या बदलत गेल्या आणि प्रत्येक पिढीस त्यात स्वतःची साक्ष नोंदविता आली, हे त्याचे खरे कारण होय. सामुदायिक रंगभूमीची कसोटी प्रेक्षागृहातील टाळ्यांइतकीच ती करणाऱ्यांच्या जीवनातही पाहावी लागते. छारानगरात पोलिसांची गाडी आली की लपावयास शिकणारी मुले जेथे चारचौघांत उभी राहून स्वतःचे नाव व वस्ती सांगू लागली, तेथे ही रंगभूमी त्या कसोटीस उतरली असे म्हणावयास हवे.